बाळंतिणीची चूल

अमेरिकेत काळी बाई बाळंतपणात गोरीपेक्षा जास्त मरते. ही दैवाची करणी न्हाई, कायद्याची हाय. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातून शेतमजूर नि घरकाम करणारे वगळले. दक्षिणेतल्या बहुतेक काळ्या बाया हीच कामं करीत! पेन्शन नाही, बेकारभत्ता नाही. गाठीला पैसा उरणार कुठून? १९६५ साली गरिबांच्या औषधपाण्यासाठी मेडिकेड आलं. पण मिसिसिपीत कित्येक बाळंतिणींचं मेडिकेड दोन महिन्यांत तुटे. ते वर्षभर चालायला २०२३ उजाडलं. त्याच साली देशात लाख जन्मांमागे काळ्या माता मेल्या ५०.३, गोऱ्या १४.५. बाबासाहेबांनी १९२८ ला मुंबई कौन्सिलात मजूर बाईच्या बाळंतपणाच्या भत्त्याची बाजू मांडली होती. काम थांबलं तरी बाळंतिणीची चूल पेटली पाहिजे. मागणी इथलीबी, तिथलीबी एकच.