वसतिगृहांतील गाण्यांची देवघेव



संगीताचा इतिहास सांगताना घराणी, गवई आणि राजाश्रय यांचेच वर्णन करण्याची आपल्याकडे वहिवाट आहे. गाणे गवयाच्या कंठातून निघून ऐकणाराच्या घरी कोणत्या वाटेने पोहोचले, त्या वाटेवर जकात कोण घेत होता आणि ती चुकवून कोण जात होता, हा इतिहास आम्ही फारसा लिहीत नाही. आज त्या वाटेवरील एका अलीकडच्या टप्प्याचा विचार करावयाचा आहे. महाविद्यालयीन वसतिगृहांच्या संगणकजाळ्यांवर झालेली गाण्यांची देवघेव, हा तो टप्पा होय. खराडीत तो मांडणे अप्रस्तुत होणार नाही. मुळा-मुठेच्या काठी जेथे शेते होती तेथे आज संगणक-व्यवसायाच्या काचेच्या इमारती आहेत, आणि त्यांत काम करणाऱ्या पुष्कळांचे विद्यार्थिजीवन अशाच वसतिगृहांत गेले आहे.

प्रथम थोडे मागे जाऊ. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी देशभर हिंडून उस्तादांकडून चिजा गोळा केल्या. त्या काळी चीज म्हणजे घराण्याची ठेव. ती शिष्यालाही बेताबेतानेच मिळे. भातखंड्यांनी ती स्वरलिपीत उतरवून ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापली. राखलेली विद्या बाजारात गेली असे कोणी म्हणावे, आणि ती नाश पावण्यापासून वाचली असे दुसऱ्याने म्हणावे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर हाच वाद वेष पालटून उभा राहिलेला दिसतो.

१९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे तबकडीवर घेतले गेले आणि गाणे ही विकत मिळणारी वस्तू झाली. १९८० नंतर कॅसेट घरोघर शिरली. कोरी कॅसेट नेऊन दिली की हवी ती गाणी भरून देणारी दुकाने गावोगाव निघाली. परंतु नकलेची नकल काढली की खरखर वाढे. नकलेला निसर्गानेच घातलेला हा बांध होता.

तो बांध संगणकाने फोडला. ध्वनिचकतीवरील चार मिनिटांचे गाणे सुमारे ४० मेगाबाइट जागा व्यापते. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी, कानाला जे ऐकूच येत नाही ते गाळून, तेच गाणे सुमारे ४ मेगाबाइटांत बसविले. १९९५ साली या पद्धतीच्या फायलींना ‘एमपी३’ हे नाव मिळाले. १९९९ साली अमेरिकेतील शॉन फॅनिंग या विद्यार्थ्याने ‘नॅपस्टर’ काढले. त्याच वर्षाच्या अखेरीस कंपन्यांनी दावा लावला, आणि २००१ साली नॅपस्टर बंद पडले.

आपल्याकडे बाहेरचे इंटरनेट मंद व महाग होते. पण वसतिगृहातील खोल्या जोडणारे अंतर्गत जाळे वेगवान होते. म्हणून पवईच्या आय.आय.टी.सारख्या संस्थांतून ‘डी.सी.’, म्हणजे ‘डायरेक्ट कनेक्ट’, रुजले. त्याची रचना ध्यानात घेण्याजोगी आहे. मध्यवर्ती ‘हब’ केवळ कोण आले आहे याची नोंद ठेवी आणि कोणाकडे काय आहे हा पुकारा सर्वांपर्यंत पोहोचवी. गाणे मात्र एका खोलीतून थेट दुसऱ्या खोलीत जाई. शिवाय पुष्कळ हबांवर नियम असे की, अमुक इतका साठा स्वतः खुला केल्यावाचून आत प्रवेश नाही. घेणाऱ्याने आधी द्यावे, हा तो धर्म. अर्थात नियमाला पळवाट निघालीच; निरुपयोगी फायली भरून साठा फुगविणारेही निघाले. मार्च २००७ मध्ये पवईच्या संस्थेने वसतिगृहांतील इंटरनेट रात्री ११ पासून दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारापर्यंत बंद ठेवण्याचे ठरविले. झोप, सकाळचे तास आणि विद्यार्थ्यांचे आपसांतील बोलणेचालणे, ही तिची चिंता होती. तीत गाण्याच्या मालकीचा प्रश्न नव्हता.

तो प्रश्न आपण विचारला पाहिजे. १९५७ चा कॉपीराइट कायदा खाजगी उपयोगाला काही सवलत देतो. शेकडो खोल्यांस गाणे वाटणे तीत बसत नाही. तेव्हा ही देवघेव बहुतांशी बेकायदा होती, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. परंतु नुकसान कोणाचे झाले? १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, पैसे देऊन चित्रपटासाठी करवून घेतलेल्या संगीताचा व गीताचा पहिला मालक, उलट करार नसल्यास, निर्माता होय. म्हणजे रीतसर कॅसेट घेणाऱ्याचा रुपयाही कवीपर्यंत पोहोचेलच असे नव्हते. २०१२ साली कायदा दुरुस्त झाला आणि गीतकार-संगीतकारांचा मानधनातील वाटा त्यांच्याकडून निर्मात्याला लिहून घेता येणार नाही असे ठरले. चोरी विद्यार्थ्याने केली हे खरे. पण कलावंताचे घर त्याआधीच पुष्कळसे रिकामे झालेले होते.

एका नुकसानीला मात्र विद्यार्थीच जबाबदार होते. फायलींच्या प्रवासात नावे गळाली. तबलजी कोण, शब्द कोणाचे, राग कोणता, हे पुसले जाऊन केवळ चित्रपटाचे वा नटाचे नाव उरले. पैसा बुडाला तर कायद्याने परत मिळण्याची आशा असते. नाव बुडाले तर ते कोणत्या न्यायालयात मागावे?

आज महिना वर्गणीने गाणी ऐकण्याची सोय झाली आहे. वाट पुन्हा कायदेशीर झाली. पण श्रोत्याच्या हाती आता काहीच उरत नाही. वर्गणी थांबली की गाणे थांबते. वसतिगृहांतील ते साठेही जुन्या यंत्रांबरोबर भंगारात जात आहेत. ज्यांच्या कपाटात तशी एखादी तबकडी, कॅसेट वा चकती असेल, त्यांनी ती टाकण्यापूर्वी तिच्यावर गाणाऱ्याचे, साथीदाराचे आणि कवीचे नाव लिहून ठेवावे. १९६० साली निघालेल्या तबकडीवरील कंपनीचा हक्क २०२१ पासून संपला आहे. दरवर्षी आणखी एका वर्षाचे ध्वनिमुद्रण मोकळे होत जाईल. त्या दिवशी ते ध्वनिमुद्रण सर्वांचे होईल खरे. पण ते कोणाचे होते, हे सांगता आले तरच त्या वारशाला अर्थ राहील.