अमेरिकेतील पंपावरचे पेट्रोल मिश्रण

पेट्रोलची प्रतवारी सुरू झाली ती इंजिनाच्या ‘नॉकिंग’मुळे. सिलिंडरमध्ये ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच दाबलेले हवा-पेट्रोल आपोआप भडकले, की इंजिन खणखणते, त्याची ताकद घटते आणि पिस्टनलाही इजा होऊ शकते. दाब वाढवला तर ताकद वाढते, पण नॉकिंगही वाढते. 1921 मध्ये जनरल मोटर्सच्या डेटन येथील प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांना त्यावर टेट्राएथिल लेड हा उपाय सापडला.

फेब्रुवारी 1923 मध्ये डेटनच्या एका पंपावर हे रसायन मिसळलेल्या ‘एथिल’ पेट्रोलची विक्री सुरू झाली. सुरुवातीला पंपावरचा माणूसच एका छोट्या उपकरणातून हा शिसेयुक्त द्राव पेट्रोलमध्ये सोडत असे. द्राव जहाल विषारी होता; तो त्वचेतूनही शरीरात भिनतो. ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीतील बेवे कारखान्यात त्याच्या विषबाधेने पाच कामगार दगावले. 1925 मध्ये विक्री थांबली. 1926 मध्ये ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा मिसळण्याचे काम पंपावरून काढून घेण्यात आले होते. ही सावधगिरी कामगारांच्या मृत्यूनंतर आली, हे विसरता कामा नये. याच सुमारास ग्रॅहम एडगर यांनी पेट्रोलची नॉकिंग रोखण्याची क्षमता मोजणारे ऑक्टेन मापन आणले: आयसोऑक्टेन 100, नॉर्मल हेप्टेन 0.

बहुतेक कंपन्या ‘रेग्युलर’ आणि महाग ‘एथिल’ विकत असताना सन ऑइल कंपनी 1927 पासून ‘ब्लू सनोको’ ही एकच प्रत विकत होती. 1950 च्या दशकात इंजिनांचे कॉम्प्रेशन झपाट्याने वाढले आणि एका प्रतीवर भागेना. 1956 मध्ये कंपनीने फ्लोरिडात नव्या धर्तीचा पंप आणला. जमिनीखाली टाक्या दोनच, एकीत साधे पेट्रोल आणि दुसरीत उच्च ऑक्टेनचे. तबकडी फिरवली, की दोहोंचे प्रमाण बदले आणि गाडीला हवी ती प्रत नळीतून येई. 1958 पासून कंपनीचे हे पंप इतरत्रही पसरले. ‘260’ नावाची प्रत त्यांत सर्वांत वरची होती.

1975 च्या मॉडेलपासून आलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला शिसे चालत नसे, आणि 1996 मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. पंपावरचे मिश्रण मात्र टिकले. आजही अनेक पंपांवर 89 ऑक्टेनची वेगळी टाकी नसते. दोन भाग 87 आणि एक भाग 93 मिळून ते तयार होते. गाडीच्या टाकीत दोन प्रती एकत्र केल्या तरी साधारण हाच हिशेब लागू पडतो. मात्र 87 वर चालण्यासाठी बनवलेल्या इंजिनाला 93 पाजून सहसा काही लाभ होत नाही, कारण ऑक्टेन हे इंधनातील ऊर्जेचे नव्हे, तर नॉकिंग रोखण्याच्या क्षमतेचे माप आहे.