तबकडी एक, पक्ष दोन

मुरलेल्या कलावंताने आपली नेहमीची पायवाट सोडून आडवाट धरली, म्हणजे त्याच्या चाहत्यांत हमखास दोन तट पडतात. एक तट म्हणतो, ‘बिघडला!’ दुसरा म्हणतो, ‘आता कुठे खुलला!’ हिंदी चित्रसंगीताच्या इतिहासात असा एक गोड खटला आहे आणि तो अद्याप निकालात निघालेला नाही. शंकर-जयकिशन यांची 1968 सालची ‘रागा-जॅझ स्टाईल’ ही तबकडी, हा त्या खटल्याचा विषय.

ही जोडी वाचकांना अपरिचित नाही. 1949 च्या ‘बरसात’पासून तिने देशाला गुणगुणायला लावले. आमच्या पारोळ्यात आजही वरात निघाली की ‘सूरज’ (1966) मधले ते फुले उधळण्याचे गाणे वाजवल्यावाचून बँडवाले नवरदेवाला मांडवात जाऊ देत नाहीत. चाल कोणाची, हे नाचणाऱ्या वऱ्हाड्यांच्या गावीही नसते! ज्या 1968 साली या दोघांना पद्मश्री मिळाली, त्याच साली त्यांनी ही तबकडी काढली. तीत गायक नाही, शब्द नाहीत, पडद्यावरचा नायकही नाही. आहेत ते 11 राग आणि ते वाजवणारी वाद्ये. सतारीवर रईस खाँ, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रंपेटवर जॉन परेरा, ड्रमवर लेस्ली गुदिन्हो आणि तबल्यावर रमाकांत म्हापसेकर.

जाझ हे मूळचे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे संगीत. मुंबईला मात्र ते 1968 साली नवखे नव्हते. 1935 मध्ये लिऑन ॲबी आपला वाद्यवृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात वाजवून गेला होता. चर्चच्या शाळांत स्वरलेखन शिकलेले गोमंतकीय वादक हे संगीत चटकन उचलत. रात्री ते हॉटेलात वाजवत आणि दिवसा सिनेमाच्या ध्वनिमुद्रणाला बसत. हळदोण्याचा चिक चॉकलेट हा त्यांतलाच. पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्रांनी 1951 च्या ‘अलबेला’त त्याची साथ घेतली आणि भगवानदादांच्या नाचाबरोबर जाझचा ठेका खेड्यापाड्यांतल्या तंबूंत पोचला. नाव ठाऊक नव्हते, पण कान सरावले होते.

मग तक्रार कशाची? शास्त्रीय संगीताचे जाणकार विचारतात, तोडी किंवा मियाँमल्हार तीन-चार मिनिटांत मांडायचा म्हणजे काय? राग हळूहळू उमलायचा असतो. इथे आलाप सुरू होतो न होतो तोच ड्रम अंगावर येतो. जाझचे भक्त दुसऱ्या टोकाने बोलतात. त्यांच्या मते जाझचा प्राण वादकाच्या आयत्या वेळच्या स्फूर्तीत असतो, आणि इथे तर सारे सिनेमाच्या पार्श्वसंगीतासारखे आखीवरेखीव. म्हणजे दोन्ही घरांनी पाहुण्याला उंबऱ्यावरच अडवले!

आमच्या शिक्षकांच्या खोलीत मी ही तबकडी एकदा ऐकवली, तेव्हा तिथेही हाच वाद रंगला. संगीताचे गुरुजी कपाळाला आठ्या घालून उठून गेले. क्लॅरोनेट वाजवणारे एक म्हातारे बँडमास्तर तेवढे शेवटपर्यंत बसले आणि म्हणाले, “राग आपलाच शे गुरुजी, चाल तेवढी परकी शे.”

मला विचाराल तर वेळेची तक्रार टिकत नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांचे गाणे आपल्या आजोबांनी घरी ऐकले ते तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवरच. खरी अडचण आहे ती स्वरमेळाची. आपले संगीत एका वेळी एक सूर घेऊन चालते; जाझमध्ये त्या सुराखाली तीन-चार सूर एकदम दाबले जातात. कलावतीला हे सहज मानवते. षड्ज, गंधार, पंचम आणि कोमल निषाद हे तिचे चार सूर एकत्र वाजले की जो स्वरमेळ होतो, त्याच्यावरच जाझची थोरली बहीण ‘ब्लूज’ उभी आहे. मालकंसाचे तसे नाही. षड्जावरचा अगदी साधा स्वरमेळ करायचा तर पंचम हवा, आणि मालकंसात पंचम वर्ज्य! म्हणून हा प्रयोग सरसकट फसला म्हणणे चूक, तसे सरसकट साधला म्हणणेही चूक. तो रागागणिक तपासायला हवा.

असाच मेळ लंडनमध्ये जो हॅरियट आणि कलकत्त्यात जन्मलेले जॉन मेयर यांनी 1966 साली घातला होता. पण आमची जोडी जवळजवळ वीस वर्षे रसिकांच्या पसंतीवर जगलेली. तिने त्याच रसिकांना नाराज करण्याची जोखीम घेतली, याचे मोल मला अधिक वाटते. जयकिशन 12 सप्टेंबर 1971 रोजी अकालीच गेले. पुढे हा मळा किती फुलला असता, हे सांगायला जोडी उरली नाही.

आणखी एक गोष्ट. सिनेमाच्या गाण्यांत गायकाचे नाव होई, संगीतकाराचे होई. जॉन परेरा किंवा लेस्ली गुदिन्हो यांना कोण ओळखी? इथे गायकच नाही, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाजवणाऱ्याकडे वळावेच लागते. या तबकडीवर रुसणाऱ्यांनी निदान एवढ्यासाठी तरी ती पुन्हा लावावी. शेवटचा राग भैरवी आहे. आपल्या बैठकीची ही रीत मात्र या आडवाटेच्या प्रवाशांनीही मोडलेली नाही.