मांडवाखालचा शब्द

तंजावरचे मराठी राज्य व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास स्थापिले. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे निवर्तले आणि नाममात्र उरलेली गादीही संपली. राज्य गेले, परंतु मराठी कीर्तन त्या मुलखात राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामचंद्रबुवा मोरगावकर यांच्या कीर्तनांचा आदर्श पुढे ठेवून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला आकार दिला.

कीर्तनात स्वराइतकीच शब्दाची प्रतिष्ठा असते. दगडी मंडपात एका अक्षराचा निनाद विरण्यापूर्वीच दुसरे अक्षर येऊन आदळते व अर्थ बुडतो. कुंभकोणम, त्याचा मेलकावेरी हा भाग आणि भोवतालची गावे यांच्या परिसरात उत्सवासाठी बांबूंवर नारळीच्या विणलेल्या झावळ्या घालून मांडव उभारण्याची जुनी रीत आहे. मांडव घातला जाई तो उन्हासाठी. शब्दाची स्पष्टता हा त्याचा न मागता मिळालेला लाभ होय.

या लाभाचे गणित फार दूर, अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात मांडले गेले. तेथील एका व्याख्यानगृहात उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत असे. १८९५ पासून वॉलेस सॅबिन यांनी नाट्यगृहातील गाद्या तेथे आणून ठेवल्या आणि गादीगणिक निनाद किती घटतो ते मोजले. पुढे शोषणाचे माप म्हणून त्यांनी उघडी खिडकी स्वीकारली. कारण तिच्यातून गेलेला ध्वनी परत येत नाही. मांडवाच्या मोकळ्या बाजू म्हणजे अशाच खिडक्या. उरलेला ध्वनी पाने, चटया आणि श्रोत्यांची वस्त्रे यांच्या फटींत शिरतो व तेथील घर्षणाने त्याची किंचित उष्णता होते. मात्र शोषणे निराळे आणि अडविणे निराळे. बाहेरचा गलबला रोखावयास वजनदार भिंतच हवी.

या गुणवान छपराचा दोषही कुंभकोणमनेच दाखविला. १६ जुलै २००४ रोजी तेथील एका शाळेच्या स्वयंपाकघरात लागलेली आग झावळ्यांच्या छपरावरून वर्गांवर पसरली आणि ९४ मुले दगावली. त्यानंतर तमिळनाडूतील शाळांवरून अशी छपरे उतरविण्यात आली, ते योग्यच झाले. परंतु उघड्या काँक्रीटच्या व पत्र्याच्या वर्गात गुरुजींचा शब्द पुन्हा घुमू लागतो. म्हणून नैसर्गिक तंतूंना छपरावर नव्हे, तर भिंतीवर स्थान द्यावे. अग्निरोधक संस्कार केलेला काथ्याचा थर, आणि खालचे स्वर शोषले जावेत म्हणून त्यामागे हवेची पोकळी, अशी ती योजना असावी. शब्द स्पष्ट ऐकू यावा आणि ऐकणारे मूल सुरक्षित असावे, या दोन्ही अटी एकदमच पाळावयाच्या आहेत.