काव्यालंकार
कवितेतील शब्दांच्या नादाने किंवा अर्थाच्या मांडणीने साधलेले सौंदर्य. नादावर उभे ते शब्दालंकार, अर्थावर उभे ते अर्थालंकार. भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’त उपमा, रूपक, दीपक आणि यमक एवढे चारच अलंकार आहेत, पुढच्या आचार्यांनी ही संख्या शंभरावर नेली. त्यांतले बरेचसे पोटभेद वर्गीकरणाच्या हौसेतून आले असावेत.

अर्थालंकारांचे मर्म उपमेय (ज्याचे वर्णन करायचे ते) आणि उपमान (ज्याच्याशी तुलना करायची ते) यांच्यातील अंतरात आहे. मुदखेड (जि. नांदेड) परिसरात फुलशेती होते, मोगऱ्याची एकच कळी घेऊन हे अंतर पाहता येते. ‘कळी चांदणीसारखी’ ही उपमा. ‘कळी जणू चांदणीच’ ही उत्प्रेक्षा. येथे कल्पना धीट होते, पण ‘जणू’चा आधार सोडत नाही. ‘वेलीवरची ही कळी म्हणजे चांदणी’ हे रूपक. ‘ही कळी नव्हेच, चांदणी आहे’ असे उपमेय नाकारले की अपन्हुती. ‘चांदणी नुसती चमकते, कळीला वासही आहे’ म्हटले की उपमेय वरचढ ठरते, तो व्यतिरेक. ‘कळी लाजली’ ही चेतनगुणोक्ती. परीक्षेत ‘सारखा’ आणि ‘जणू’ शोधून गुण मिळतात. रूपक ओळखताना मात्र ओळ वाचावीच लागते.

रूपक ताणून अख्खी रचना त्यावर पेलण्याचा मराठीतला ठळक नमुना म्हणजे पैठणच्या एकनाथांची भारुडे. ‘विंचू’ या भारुडात कामक्रोध नांगी मारतात.

शब्दालंकारांत श्लेष एकाच शब्दातून दोन अर्थ काढतो : ‘विहीर आटली, जीवन संपले’. यमकात तीच अक्षरे निराळ्या अर्थाने पुन्हा येतात : ‘कर जोडून कर भरला’. चरणान्ती जुळणाऱ्या अक्षरांनाही मराठीत यमकच म्हणतात. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा व चार अक्षरांचे चरण असून यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत जुळते. चौथा मोकळा राहतो. नरसीच्या नामदेवांपासून ही चाल कानांत बसली आहे. सतराव्या शतकातील वामनपंडितांचे शेष घराणे मूळ नांदेडचे मानले जाते. यमकांच्या सोसामुळे त्यांना ‘यमक्या वामन’ हे नाव पडले. ‘यथार्थदीपिका’ ही गीताटीका लिहिणारे वामन तेच की दुसरे, हा अभ्यासकांचा जुना वाद. यमकासाठी अर्थ वाकवला की ओळ खडखडते, आणि हा दोष त्यांच्या श्लोकांतही अधूनमधून दिसतो.

मुक्तछंदात चरणान्त यमकाची सक्ती उरली नाही. मुदखेडचे कवी दासू वैद्य यांच्या ‘तूर्तास’ या संग्रहात साध्या बोलण्यातला उपरोध अधिक काम करतो. उपरोधाला उपमेय-उपमानाची जोडी लागत नाही. बोलणाऱ्याचा सूर आणि त्याच्या शब्दांचा अर्थ यांत फट पडली की पुरते.