कवि कूपरची अबोल प्रार्थना

इंग्रजी शाळांतून शिकलेल्या कित्येक पिढ्यांना 'जॉन गिल्पिन' या कवितेंतील भरधांव सुटलेला घोडा आणि त्याच्यावरचा भांबावलेला व्यापारी चांगलाच परिचयाचा होता. ही कविता विल्यम कूपर यानें १७८२ सालीं लिहिली. लेडी ऑस्टिन या स्नेही बाईनें त्याचें मन रमावें म्हणून एका संध्याकाळीं ती गोष्ट सांगितली, आणि अंथरुणावर पडल्या पडल्या हंसत त्यानें ती पद्यांत गुंफली, अशी हकीकत सांगतात. इंग्लंडांत घरोघर त्या कवितेनें हंशा पिकला. परंतु ज्यानें हंसविलें तो मनुष्य नऊ वर्षें एक भयंकर समजूत उराशीं धरून बसला होता. देवानें आपला कायमचा त्याग केला असून प्रार्थना करण्याचा अधिकारहि आपणांस उरला नाहीं, असें त्याला वाटत होतें.

मनांतलें दुःख देवापुढें मांडण्याची वाट ख्रिस्ती धर्मांत फार जुनी आहे. ती यहुदी शास्त्रांतून आलेली आहे. अपत्यहीन हन्ना शिलो येथील मंदिरांत नुसते ओठ हलवून रडते, तेव्हां याजक एली तिला मद्य प्यालेली समजतो. ईयोब तर देवाला उघड जाब विचारतो. तुकोबांचीं विठ्ठलाशीं भांडणें ज्यांनीं वाचलीं आहेत त्यांना यांत नवल वाटावयाचें नाहीं. मात्र भांडणाऱ्याला समोरचा आपलें ऐकत आहे एवढी तरी खात्री असते. कूपरची अडचण याहून बिकट होती. देव दयाळू आहे, तो इतरांचें ऐकतो, याविषयीं त्याला शंका नव्हती. फक्त आपलें एकट्याचें नांव त्यांतून वगळलें आहे, असा त्याचा ग्रह होता.

त्याचा जन्म १७३१ सालीं बर्कहॅमस्टेड येथें एका धर्मोपदेशकाच्या घरीं झाला. सहाव्या वर्षीं आई गेली. पुढें शाळेंत एका दांडग्या मुलानें त्याचा इतका छळ केला कीं, त्याच्या चेहऱ्याकडे पाहण्याचें धैर्य नसल्यानें कूपर त्याला बुटांच्या बकलांवरून ओळखी. हा छळ इतका चोरून चाले कीं, बरेच दिवस कोणाला त्याची शंकाहि आली नाहीं. दुःख झांकून ठेवण्याची संवय या मुलाला अशी लहानपणींच लागली. वकिलीचें शिक्षण झालें. चुलतबहिणीवर प्रेम जडलें, पण काकांनीं लग्नास नकार दिला. १७६३ सालीं उमरावांच्या सभेंत एक कारकुनी जागा मिळण्याचा योग आला. त्यासाठीं सभेपुढें उभें राहून परीक्षा द्यावी लागणार होती. त्या नुसत्या भीतीनेंच तो खचला आणि त्यानें जीव देण्याचा प्रयत्न केला. सेंट ऑल्बन्स येथें डॉ. कॉटन यांच्या रुग्णालयांत त्याला ठेवण्यांत आलें. तेथें १७६४ सालीं पौलाचें रोमकरांस पत्र वाचीत असतां त्याच्या मनावरचें मळभ फिटलें.

१७६७ सालीं तो विधवा मिसेस अन्विन यांच्या कुटुंबासह ऑल्नी येथें राहावयास गेला. लेस विणून कसेंबसें पोट भरणाऱ्या गरिबांचें तें गांव. तेथील धर्मोपदेशक जॉन न्यूटन हा एके काळीं गुलामांच्या जहाजाचा कप्तान होता. त्याच्या प्रार्थनासभांतून लाजाळू कूपरहि मोठ्यानें प्रार्थना करूं लागला, जरी तत्पूर्वी कित्येक तास त्याचा जीव घाबरा होई. दोघांनीं मिळून गीतसंग्रह करण्याचें ठरविलें. इतक्यांत १७७३ च्या आरंभीं आजार उलटला. फेब्रुवारींत एका स्वप्नांत, तुझा सर्वस्वीं नाश झाला, असा निवाडा त्यानें ऐकला, आणि त्या दिवसापासून त्याची प्रार्थना बंद पडली. न्यूटननें त्याला वर्षभराहून अधिक काळ स्वतःच्या घरीं सांभाळलें. न्यूटनच्या कडक उपदेशानेंच हें वेड वाढलें, असा ठपका कांहीं चरित्रकार ठेवतात. तो न्यायाचा नव्हे. १७६३ चा झटका आला तेव्हां या दोघांची ओळखहि नव्हती.

'ऑल्नी गीतें' १७७९ सालीं प्रसिद्ध झालीं. ३४८ गीतांपैकीं कूपरचीं साठांहून थोडीं अधिक, बाकीचीं न्यूटनचीं. पिचलेल्या माणसांनीं त्या गीतांतून आपलीं गाऱ्हाणीं देवापुढें नेलीं. त्यांचा कर्ता मात्र प्रार्थनामंदिराची पायरी चढत नव्हता. जेवणाआधीं इतर लोक देवाचे आभार मानूं लागले कीं, आपला यांत भाग नाहीं हें दाखविण्यासाठीं तो सुरी-कांटा हातांत घेऊन बसे, असें सांगितलें जातें. बागेंत काकड्या लावाव्या, सुतारकाम करावें, पाळलेल्या सशांना खाऊं घालावें, असे दिवस जात. इतरांना लिहिलेलीं त्याचीं पत्रें खेळकर आहेत. काळोख उघडा होतो तो मुख्यतः न्यूटनला लिहिलेल्या पत्रांतून. न्यूटन १७८० पासून लंडनला राहत होता.

१७८२ सालींच, म्हणजे 'गिल्पिन'च्या वर्षीं, शेजारच्या न्यूपोर्ट पॅग्नेल गांवचा उपदेशक विल्यम बुल यानें त्याच्या हातीं मादाम गियों हिचीं फ्रेंच भक्तिगीतें दिलीं. ही बाई आपल्या मतांसाठीं बास्तीलच्या तुरुंगांत राहिली होती. देव दूर गेला तरी त्याच्यावर प्रेम करीत राहावें, हा तिच्या गीतांचा सूर. कूपरनें त्यांतील बरींच इंग्रजींत उतरविलीं. स्वतःच्या नांवानें देवाशीं एक शब्द न बोलणारा हा मनुष्य दुसरीच्या मुखानें मात्र महिनोन् महिने बोलत होता. यास प्रार्थना म्हणावयाचें नाहीं, तर दुसरें काय म्हणावयाचें?

पुढील आयुष्यांत फारसा उजेड नाहीं. मिसेस अन्विन अर्धांगानें पंगु होऊन १७९६ सालीं वारल्या. १७९९ सालीं त्यानें जहाजावरून समुद्रांत पडलेल्या एका खलाशावर कविता लिहिली. आपण त्याहूनहि खोल बुडालों, असें तिच्या शेवटीं त्यानें म्हटलें आहे. २५ एप्रिल १८०० रोजीं ईस्ट डेरेहॅम येथें त्याचें निधन झालें. मादाम गियोंच्या गीतांचीं भाषांतरें त्याच्या हयातींत छापलीं गेलीं नव्हतीं. बुलनें तीं जपून ठेविलीं होतीं. १८०१ सालीं त्यानें तीं प्रसिद्ध केलीं.