‘रोड’ नावाची स्टेशनं



पाथरीत रेल्वेवर बोलायला उभं राहायचं म्हणजे विहीर नसलेल्या गावात पोहण्याचे धडे देण्यासारखं आहे. तरी आयोजकांनी विषय निवडायची मोकळीक दिली आणि मी हाच घेतला. त्याला कारण एक स्टेशन आहे. आपलं सगळ्यांचं स्टेशन. मानवत रोड.

माझ्या लहानपणी ‘मानवत रोडला जायचं’ म्हणजे अर्धा दिवस मोडायचा. आधी मानवत, मग तिथून पुढे स्टेशन. मीटरगेजची गाडी, कंदिलाचा उजेड, आणि बाकावर झोपलेली माणसं. मी वडिलांना विचारलं होतं, की स्टेशनाच्या नावात गाव आहे, मग गाव कुठाय? ते म्हणाले, ‘गाव रस्त्यानं गेल्यावर लागतं, म्हणून रोड.’ उत्तर बरोबर होतं. पण लोक जिथे राहतात तिथे स्टेशन का नाही, हा प्रश्न तसाच राहिला. पुढे आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. ॲरिस्टॉटल वाचताना एक सवय लागते. कुठलीही वस्तू समोर आली की ‘ही कशासाठी?’ असं आधी विचारायचं. आज रेल्वेला तेच विचारू.

ही ‘रोड’ स्टेशनं महाराष्ट्रभर आहेत. नाशिक रोड घ्या. शहर एकीकडे, स्टेशन दुसरीकडे. मधलं अंतर तोडायला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि ती 1930 च्या दशकापर्यंत टिकली. बार्शी रोड घ्या. आज तुम्ही त्याला कुर्डुवाडी म्हणता. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीची, म्हणजे जीआयपीची, मुख्य लाइन बार्शीला वळसा घालून गेली. तेव्हा एव्हरार्ड काल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने वेगळी कंपनी काढून अडीच फूट रुंदीच्या रुळांची बार्शी लाइट रेल्वे घातली. 1897 मध्ये ती बार्शी रोड ते बार्शी अशी सुरू झाली. पुढे 1906 मध्ये पंढरपूर, 1911 मध्ये लातूर, 1927 मध्ये मिरज. वारकऱ्यांच्या दोन पिढ्या त्या छोट्या डब्यांतून पंढरीला गेल्या. 1954 मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली.

आता कुणी म्हणेल, स्टेशन लांब असण्यात दुष्टपणा काय? नदी असते, चढ असतो, सरळ रूळ स्वस्त पडतो. मान्य. पण इंजिनिअरच्या हिशेबामागे आणखी एक हिशेब असतो, तो खजिनदाराचा. तो आज थोडा उलगडून बघायचा आहे.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. ती गाडी सरकारची नव्हती, खासगी कंपनीची होती, हे मात्र आपण विसरतो. जीआयपी ही लंडनमध्ये भांडवल उभारलेली कंपनी. मुंबईत तिच्या मागे नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारखी माणसं उभी राहिली होती. 1849 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीशी तिचा करार झाला. जमीन फुकट, आणि भागधारकांना पाच टक्के व्याजाची हमी. धंदा बसला तरी पाच टक्के मिळणार, कारण तूट भरून काढणार हिंदुस्थानचा खजिना. म्हणजे इथला शेतसारा भरणारा कुणबी. त्याने आयुष्यात गाडी पाहिली नसली तरी तिच्या तुटीत त्याचा वाटा होता. गणेश व्यंकटेश जोशींसारख्यांनी सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात रेल्वेच्या या खर्चावर कडक लिहिलं आहे.

अशा कंपनीला प्रवासी हवा असतो का? असला तर बरं, नसला तरी चालतं. तिला बंदरापर्यंत जाणारा कापूस हवा आणि सरकारला वेळेवर हलणारी पलटण हवी. शेजारच्या विदर्भात याचं अगदी शुद्ध उदाहरण आहे. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर, आपली ‘शकुंतला’. सुमारे 190 किलोमीटरची अरुंद लाइन, किलिक निक्सन या कंपनीच्या व्यवस्थेखाली कापसासाठी घातलेली. स्वातंत्र्यानंतरही ती खासगी मालकीचीच राहिली. गाडी भारतीय रेल्वे चालवायची आणि मोबदला कंपनीला जायचा. मँचेस्टरमध्ये बनलेलं तिचं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत धावलं. गरिबाची गाडी म्हणून लोकांनी तिच्यावर माया केली. मालकाने तिच्यावर काय केलं, ते तिचे रूळ बघितलेल्यांनी सांगावं.

आपला भाग निजामाचा. इथेही तीच तऱ्हा. निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे. ‘गॅरंटीड’ हा शब्द नावातच आहे, लपवाछपवी नाही. मनमाड–औरंगाबाद–जालना–परभणी–नांदेड–सिकंदराबाद ही गोदावरी खोऱ्याची लाइन 1900 च्या आसपास पुरी झाली आणि तिच्यावर मानवत रोड हे स्टेशन आलं. ती पाथरीला आली नाही. हेच गाव एके काळी इतकं मोलाचं होतं की त्याच्यासाठी दोन राज्यं लढली. अहमदनगरच्या निजामशहांचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी, असं फरिश्ता लिहितो. म्हणून त्यांना हे गाव हवं होतं, आणि वऱ्हाडची इमादशाही ते सोडायला तयार नव्हती. सोळाव्या शतकात ज्या गावासाठी फौजा चालून आल्या, त्याच्यासाठी विसाव्या शतकात रूळ वाकडा करायला कुणी तयार नव्हतं.

या हमीविरुद्ध आपल्या संस्थानात लोक बोलले नाहीत असं समजू नका. 1883 मध्ये रेल्वे चांद्यापर्यंत, म्हणजे आजच्या चंद्रपूरपर्यंत, नेण्याची योजना निघाली. तेव्हा हैदराबादेत काही सुशिक्षितांनी योजनेचा तपशील लोकांपुढे ठेवा अशी मागणी केली. त्यांत पुढे होते अघोरनाथ चट्टोपाध्याय, सरोजिनी नायडूंचे वडील, आणि मुल्ला अब्दुल कय्यूम. अघोरनाथांना संस्थानातून हद्दपार केलं गेलं. बरं का, रेल्वे नको असं त्यांचं म्हणणं नव्हतंच. ते एवढंच विचारत होते, की आमच्या पैशावर काय ठरलंय ते आम्हाला कळू द्या.

इथून मी तुम्हाला जरा लांब नेणार आहे, जपानात. कारण खासगी रेल्वे म्हटली की हमी आणि कापूसच असला पाहिजे असं नाही, हे तिथे दिसतं.

जपानची पहिली गाडी आपल्यानंतर एकोणीस वर्षांनी, 1872 मध्ये धावली, तोक्योतल्या शिंबाशीहून योकोहामापर्यंत. पुढे खासगी कंपन्याही वाढल्या. पण 1906 मध्ये सरकारने कायदा करून सतरा मोठ्या खासगी कंपन्या विकत घेतल्या. लांब पल्ल्याचा धंदा सरकारकडे गेला. खासगी माणसाला उरलं काय? शहराच्या कडेची छोटी विजेची लाइन.

ओसाकात कोबायाशी इचिझो नावाचा गृहस्थ होता. मित्सुई बँकेतली नोकरी सोडून आलेला. त्याच्या वाट्याला आलेली लाइन म्हणजे उमेदाहून निघून डोंगराच्या पायथ्याशी गरम पाण्याच्या झऱ्यांकडे जाणारी. वाटेत भातशेती. प्रवासी कोण? कुणीच नाही! आपल्याकडच्या कंपनीने अशा वेळी सरकारकडे हमी मागितली असती. याला हमी देणारं कुणी नव्हतं. मग त्याने उलटा विचार केला. प्रवासी नाहीत ना, मग प्रवासी राहतील अशी गावं वसवू. रूळ पडण्याआधी, जमीन स्वस्त असतानाच, त्याने कडेची जमीन विकत घेतली. 10 मार्च 1910 ला गाडी सुरू झाली आणि त्याच वर्षी इकेदा इथे सुमारे दोनशे घरं विकायला काढली, तीही हप्त्याने, दहा वर्षांत फेडायची. ओसाका तेव्हा गिरण्यांच्या धुराने काळवंडलेलं, आपल्या परळ-लालबागसारखं. पगारदार कारकुनाला त्याने सांगितलं, की धुरातलं भाड्याचं घर सोड, मोकळ्या हवेत स्वतःचं घे आणि रोज माझ्या गाडीने कचेरीत जा.

पण सकाळी सगळे शहराकडे जाणार आणि संध्याकाळी परतणार. मग उलट दिशेची गाडी रिकामी, दुपारची रिकामी, रविवारची रिकामी. रेल्वेवाल्याची खरी डोकेदुखी ही असते. कोबायाशीने लाइनच्या त्या टोकाला ताकाराझुका इथे स्नानगृहं आणि करमणूक उभी केली. 1914 मध्ये तिथे फक्त मुलींच्या संगीत नाटकांचे प्रयोग सुरू झाले. आपल्याकडे तेव्हा बालगंधर्व स्त्रीभूमिका करत होते, तिथे बायका पुरुषांची कामं करू लागल्या. ती मंडळी आजही आहे. या टोकाला, उमेदा स्टेशनातच, 1929 मध्ये कंपनीने स्वतःचं मोठं दुकान उघडलं. गृहिणी दुपारी खरेदीला निघाली आणि दुपारची गाडी भरली.

तोक्योतल्या लोकांनी हा धडा पुढे नेला. एइची शिबुसावा या उद्योगपतीच्या पुढाकाराने 1918 मध्ये उद्यान-नगर वसवणारी कंपनी निघाली. तिची डेन-एन-चोफू ही वस्ती आणि तिथली रेल्वे 1923 मधली, आणि त्याच सप्टेंबरात भूकंपाने तोक्यो उद्ध्वस्त झालं. लोक आपसूक बाहेर आले. त्याच गटाच्या रेल्वेने केइओ विद्यापीठाला हियोशी इथे जमीन फुकट दिली आणि 1934 मध्ये तिथे वर्ग सुरू झाले. दानशूरपणा? थोडा असेलही. पण विद्यार्थी सकाळी शहरातून बाहेर जातात, कारकुनांच्या उलट दिशेने. रिकामी गाडी विद्यापीठाने भरली.

आता मुंबईकडे बघा. 1867 मध्येच बीबीसीआय कंपनीची गाडी विरारहून बॅकबेपर्यंत धावू लागली होती. म्हणजे उपनगरी गाडीत आपण जपानच्या कितीतरी पुढे होतो. 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला विजेची गाडीही आली. पण दादर–माटुंग्याची आखीव वस्ती कुणी वसवली? रेल्वेने नाही. ती प्लेगनंतर 1898 मध्ये नेमलेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने. गाडी आल्यामुळे जमिनीचा भाव वाढला, तो गेला जमीनमालकाला. रेल्वेला मिळालं तिकीट आणि सवलतीचा पास. त्यामुळे लोकलचा प्रवासी हा रेल्वेच्या वहीत कायम तोट्याच्या रकान्यात राहिला. पहाटे फळीवर चौथी सीट मिळावी म्हणून धडपडणारा माणूस तोट्याचा! याच्याइतकी विचित्र गोष्ट मी हिशेबाच्या पुस्तकात पाहिली नाही.

2014 मध्ये वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो खासगी भागीदारीत सुरू झाली. 11.4 किलोमीटर, बारा स्टेशनं. गर्दी तुफान. पण ती भरलेल्या शहरातून गेली. कडेची जमीन आधीच दुसऱ्यांची होती, आणि पहिल्या दिवसापासून भाडं किती असावं यावर वाद. साहजिक आहे, उत्पन्नाचा मोठा झरा तिकिटाचाच असेल तर भांडण तिकिटावरच होणार.

एक गोष्ट मला फार आवडते. 1910, म्हणजे कोबायाशीची गाडी सुटली तेच वर्ष, आपल्याकडेही एका स्टेशनाशेजारी माळरानावर वस्ती उभी राहत होती. कुंडल रोड. पुन्हा ‘रोड’! लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या राजांकडून मिळालेल्या निवडुंगाने भरलेल्या जमिनीवर कारखाना आणि कामगारांची घरं वसवली. पुढे स्टेशनाचंच नाव किर्लोस्करवाडी झालं. ओसाकात रेल्वेने वस्ती घडवली. इथे वस्तीने स्टेशनाचं नाव बदललं, रेल्वे आपली जागच्या जागी.

जपानचं कौतुक ऐकून घरी जाऊ नका. कोबायाशीच्या घरांत शेतमजूर राहायला आला नाही. ज्याला पगार होता तो आला. शेत विकणाऱ्याला पुढे वाढलेल्या भावातलं काही मिळालं नाही. आणि जिथे माणसंच कमी होत चालली तिथे खासगी कंपन्या लाइन टाकून निघूनही जातात. वाकायामाजवळची किशिगावा लाइन अशीच टाकली गेली. गावकऱ्यांनी आरडाओरडा केला, नगरपालिकांनी रुळाखालची जमीन घेतली आणि 2006 मध्ये दुसऱ्या कंपनीने गाडी चालवायला घेतली. पुढच्या वर्षी एका मांजरीला टोपी घालून स्टेशनमास्तर केलं. तामा तिचं नाव. तिला बघायला लोक गाडीने येऊ लागले. हसू नका, लाइन चालू आहे. शकुंतलेला तसं कुणी भेटलं नाही.

पाथरीला रेल्वे हवी, असं निवेदन अधूनमधून निघतं. माझ्याकडेही सहीसाठी आलं होतं, मी सही केली. पण त्यात फक्त ‘रेल्वे द्या’ एवढंच होतं. मला वाटलं, आणखी चार ओळी हव्या होत्या. स्टेशन कुठे, वेशीजवळ की पुन्हा माळावर? परभणीच्या कॉलेजला जाणाऱ्या पोरींना तास सुरू होण्याआधी पोचवणारी गाडी सकाळी आहे का, आणि संध्याकाळी उजेडात परत आणणारी? स्टेशनाभोवतीची जमीन आखणी जाहीर होण्याआधी कुणाच्या नावावर चढते आहे, आणि वाढलेल्या भावातला वाटा नगरपरिषदेला मिळेल का? गाडी सरकारी की खासगी, यावर आपण चहाच्या टपरीवर तासभर भांडतो, आणि या चार ओळी लिहायच्या राहतात.

बोलण्यासारखं अजून आहे. निजामाने 1930 मध्ये ती कंपनी विकत घेतली त्याचा किस्सा राहिला, तो पुढच्या वेळी. मागच्या रांगेतले दोघे-तिघे मघापासून घड्याळाकडे बघताहेत. त्यांची गाडी मानवत रोडला आहे, आणि तिथवर जायला त्यांना अजून वाहन शोधायचं आहे. तेव्हा मी थांबतो.